सेशन एकाहत्तर

दुपारी चारला लॉग दोन जीबीची होती,
रात्री पावणेदहाला एकतीस.
डिस्क चाळीसची.
टिळकवाडीच्या हेड ऑफिसात, मागच्या खोलीत,
गळक्या एसीखाली बादली,
दारात लुमाण्णा, वॉचमन:
"मॅडम, अजून घरला गेला न्हाईसा?"

लॉग म्हणजे काय, त्याला सांगते.
खात्यात काही बदलायच्या आधी
बँक स्वतःशी लिहून ठेवते ती वही.
लाइट जाऊ दे, मशीन पडू दे,
तिच्यावरून सगळं पुन्हा उभं राहतं.
व्यवहार पुरा झाला, बॅकअप निघाला,
की जुनं पुसायचं, त्याच जागी नवं लिहायचं.
"मग पाटी म्हणा की. वही कशाला म्हणतासा?"

पाटी, बरोबर आहे.
आज पाटी पुसली जात नाहीये.

पहिला संशय बॅकअपवर.
तो दर पंधरा मिनिटांनी निघतोय,
इमानी, कटकट नाही.
दुसरा महिनाअखेरच्या व्याजावर.
चौदा शाखा, रोजच्या शिलकीवर हिशेब,
पैन् पै पाटीवर उमटते.
खरं हे दर महिन्याचंच,
एरवी पुसत-पुसत दोनात भागतं.
तिसरा माझ्यावर.
इंडेक्स पुन्हा बांधायचं काम मी लावलेलं,
वार चुकला की काय?
घाबरत बघितलं. चुकला नव्हता.
बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग जे आधी विचारायचं ते शेवटी विचारलं:
बाई, तू का पुसत नाहीस?
ती म्हणाली, एक व्यवहार उघडा आहे.

सेशन एकाहत्तर. खानापूर शाखा.
सुरू झालं चार वाजून बारा मिनिटांनी.
स्थिती: झोपलेलं.
काही करत नाही, काही मागत नाही,
एका नावावर हात ठेवून पडलंय.
आणि त्याच्यानंतर लिहिलेलं
नंदगडचं, येळ्ळूरचं, सांबऱ्याचं, जांबोटीचं
सगळं व्याज, सगळी भरणा
पुरी होऊनही पुसता येत नाही.

शिवलीलाला फोन लावला. मागं कुकरची शिट्टी.
"अय्यो मॅडम, ते हलशीच्या गंगव्वाचं!
पासबुकात नवऱ्याचं नाव भरमा,
आधारवर कानडीत ब्रह्म.
ब्रह्म करून बघितलं, तिला वाचून दाखवलं.
ती म्हणाली, हे कोण?
थांब, पोराला विचारून येतो.
पोरगा गोव्यात, फोन लागंना,
माझी शेवटची बस.
लिहिलं मॅडम, खरं पक्कं केलं न्हाई."

लिहिलं, पक्कं केलं नाही.
आमच्या जिल्ह्यात हे समजावून सांगावं लागत नाही.
स्टँडवर उतरलं की गावाचं नाव
तोंडात एक, पाटीवर एक,
आणि पुढची तारीख कोर्टात.
तेवढ्यात दूध येतं, शाळा भरते,
पोरं दोन्ही लिप्यांत नापास होतात, पासही होतात.

दहा वीसला एकाहत्तर तोडलं.
पापणी लवायच्या आत
ब्रह्माचा पुन्हा भरमा झाला.
साडेदहाचा बॅकअप निघाला
आणि एकतीस जीबीतले तीन टक्के भरलेले उरले.
फाइल मात्र तेवढीच,
आतून मोकळी, बाहेरून ऐसपैस.
आवळून लहान करता येते.
म्हटलं, आज नको.

रिपोर्टात 'कारण' म्हणून रकाना असतो.
'कर्मचाऱ्याची चूक' लिहिलं, खोडलं.
'खातेदार नाव विचारायला गेल्या आहेत' लिहिलं,
मॅनेजर हसतील म्हणून तेही खोडलं,
आणि नुसतं 'उघडा व्यवहार' ठेवलं.

"मग त्या बाईचं काय ठरलं?" लुमाण्णा विचारतो.
माहीत नाही. खिडकी दहाला उघडते.
"येईल की," तो म्हणतो,
काठोकाठ भरलेली बादली उचलतो,
बाहेर जास्वंदीला ओततो,
आणि परत आणून
त्याच थेंबाखाली ठेवतो.